तंबोरा मुलांसमोर लागू दे

प्रिय वहिनी,


शाळा समितीत तुम्ही सुचवलेला शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम दोन आक्षेपांवर अडल्याचं दादाकडून कळलं. मुलांना त्यातलं काही कळणार नाही, हा पहिला. आणि करायचाच तर प्रत्येक मुलाकडून थोडं शुल्क घ्यावं, हा दुसरा. पुढच्या बैठकीआधी पत्र पोचावं म्हणून लगेच लिहितोय.

कळणं नंतरचं, आधी कानावर पडायला हवं. किरण सेठ अमेरिकेत संशोधन करत होते तेव्हा, १९७२ मध्ये, ब्रुकलिनला त्यांनी डागर घराण्यातल्या गायकांचं धृपद ऐकलं आणि ते भारावले. पुढे दिल्लीच्या आयआयटीत शिकवत असताना १९७७ मध्ये त्यांनी 'स्पिक मॅके' ही चळवळ सुरू केली. तेव्हापासून मोठमोठे कलावंत शाळा-कॉलेजांत जाऊन गातात, वाजवतात. ऐकणाऱ्या मुलांना पैसा पडत नाही. सत्तरी ओलांडल्यावर, २०२२ मध्ये, सेठ याच कामासाठी काश्मीरहून कन्याकुमारीकडे सायकलवर निघाले.

आणि तुमची तर मिरज! थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले ते गाव. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीतून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांनी तंबोरा भिंतीला टेकलेला पाहिला असेल. तो छेडलेला किती जणांनी ऐकलाय?

म्हणून एक विनंती. कलाकारांना आत बसवून वाद्यं लावून घेऊ नका. सगळं मुलांदेखत होऊ द्या. खुंटी पिळताना तार हळूहळू वर चढते, घोडीवर तारेखालचा दोरा किंचित सरकवला की तोच सूर एकदम फुलतो, तबल्याचे गठ्ठे हातोडीनं ठोकून चाटेचा आवाज षड्जाला मिळवतात. हे मोबाइलवर दिसत नाही. तिथे सगळं जुळलेलंच येतं. पाचवी-सहावीचीच मुलं घ्या, सतरंजीवर, गाणाऱ्यापासून चार हातांवर. एका छोट्या खोलीत बसवा, माइक नको. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरायला लावा, समेवर कुणाची टाळी बरोबर पडते ते मुलं आपणच शोधतात. सत्कार आणि प्रास्ताविक यांना पूर्ण फाटा द्या. पाऊण तास पुरे. त्यातलं एक मिनिटही भाषणात जाता कामा नये.

आता शुल्काचं. रक्कम कितीही लहान असली तरी काही मुलं ती आणणार नाहीत, आणि इतर मुलं गाणं ऐकत असताना ती वर्गात बसून राहतील. ज्यांच्या घरी रेडिओसुद्धा लागत नाही अशी मुलं बहुधा त्यांच्यातच असतील. हा कार्यक्रम आधी त्यांच्यासाठी हवा.

मात्र मुलांना मोफत म्हणजे कलाकारांनी फुकट गावं, असं नव्हे. 'शाळेसाठी आहे, तुम्ही समजून घ्या' हे वाक्य कलाकारांनी फार ऐकलंय, ते आपल्याकडून जाऊ नये. गायक, तबला, पेटी, तिघांचं मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या. स्नेहसंमेलनाच्या मंडप-रोषणाईतून थोडं कमी केलं तरी बरंचसं भागेल. समितीत हे ठामपणे मांडा आणि पहिल्या कार्यक्रमाच्या तबलावादकाचं मानधन माझ्याकडून धरा. तारीख ठरली की कळवा, त्याआधी पैसे पाठवतो.

दादाला नमस्कार.

तुमचा,
धाकटा दीर