देवगडच्या खाडीत नांगर
(मुंबई ते पणजी : शिडाच्या नौकेवरील दैनंदिनी)

24 ऑक्टोबर 2019
रत्नागिरीहून पहाटे निघालेल्या नौकेला मालवण गाठायचे होते, परंतु दुपारी वारा फिरला आणि बेत मोडला. या दिवसांत कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा आणि दुपारी वायव्येचा वारा असतो, त्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्या शिडाला एरवी इंजिनाची फारशी गरज पडत नाही. सध्या मात्र पश्चिमेला खोल समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होत आहे. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवतीचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून केंद्र पश्चिमेस असले की किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा सुटतो, आणि तो नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, समोरून आदळतो. तांडेलाने, अर्थात नौकेच्या प्रमुखाने, देवगड धरले. हा निर्णय निःसंशय योग्य होता, कारण मालवणच्या बंदराची वाट खडकांतून जाते, तर देवगडची खाडी किल्ल्याच्या भूशिरामागे आडोशाला आहे. अंथरुणे ओली झाली.

25 ऑक्टोबर
दिवसभर पाऊस होता. बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्याची सूचना देणारी खूण, लागलेला आहे. वादळाला ‘क्यार’ हे नाव मिळाले. डिझेलला 2,100, पिण्याच्या पाण्याला 150 आणि भाजीला 280 रुपये पडले. अंथरुणे ओलीच आहेत.

26 ऑक्टोबर
आश्रयाला आलेल्या होड्यांनी खाडी भरली असून कर्नाटकातील मालप्याची एक मच्छीमार नौका शेजारीच बांधलेली आहे. तिच्यावरील वयस्क खलाशाने सकाळी न बोलावता येऊन शिडाच्या नौकेचे दोर तपासले. दोर जिथे लोखंडावर घासत होता तिथे त्याने जुन्या जाळ्याचे तुकडे घट्ट गुंडाळले, कारण वादळात नांगर सुटण्याआधी बहुधा दोरच झिजून तुटतो. ओहोटी लागताच दोर किती सैल सोडायचा, हेही त्याने स्वतः हाताने करून दाखवले. सणाच्या तोंडावर घरापासून दूर अडकलेल्या या माणसाने परक्या नौकेची अशी काळजी घ्यावी, याची नोंद कोणत्याही हवामान-वृत्तात होणार नाही, म्हणून ती येथे सविस्तर केली आहे. त्याने चहाखेरीज काही घेतले नाही. अंथरुणे अजून ओली आहेत.

27 ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
बंदरालगतच्या एका घरातून पहाटेच बोलावणे आले. अंगणात तुळशीपुढे कारीट, म्हणजे लहानसे कडू रानफळ, डाव्या अंगठ्याने फोडून त्याचा कण जिभेला लावण्यात आला, आणि मग गूळ-खोबऱ्याचे, दह्याचे व दडपे असे तऱ्हेतऱ्हेचे पोहे वाढण्यात आले. घरधनीणबाई प्रत्येक वाढपाच्या वेळी ‘दर्या शांत होईपर्यंत जेवाक हयच येवा’ असे बजावत होत्या. क्यार आज महाचक्रीवादळाच्या तीव्रतेला पोहोचले असले तरी ते ओमानच्या दिशेने दूर जात आहे. येथे मात्र त्याच्या लाटा अद्याप पोहोचतात आणि उद्याच्या अमावास्येमुळे उधाणाची भरती आहे.

28 व 29 ऑक्टोबर
निघता आले नाही. खर्च 640 रुपये झाला.

30 ऑक्टोबर
लक्षद्वीपच्या परिसरात ‘महा’ हे दुसरे चक्रीवादळ तयार झाले असून क्यार अजून विरलेले नाही. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन वादळे असताना पणजीचा हट्ट धरणे गैर ठरले असते, त्यामुळे नौका तांडेलाच्या ताब्यात देवगडलाच राहील आणि मंडळी उद्या एसटीने कणकवलीला जाऊन तिथून रेल्वेने मुंबईला परततील.