जांभूळ नव्हे

काही वर्षांपूर्वी एका कॅनेडियन कथेचे भाषांतर करताना 'ब्लूबेरी'चे आम्ही बेधडक 'जांभूळ' केले होते. रंग जुळत होता, आणि परभाषेतील शब्द तसाच ठेवणे त्या काळी आम्हांस भाषांतरकाराचा पराभव वाटे. कथेतील मुलगी ओणवी होऊन फळे वेचते. जांभळेही झाडाखाली वेचतातच. त्यामुळे चूक खपून गेली.

पुढे एका ऑगस्टात ऑन्टारिओत, सुपीरियर सरोवराच्या उत्तरेस असलेल्या जॅक पाइनच्या जंगलात, ते झुडूप प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. अर्थात, आम्ही प्रथम बोट दाखवले ते भलत्याच निळ्या फळाकडे. रुंद पानांच्या मधून वर आलेल्या एकाच दांड्यावर ते लागलेले होते.

"ती क्लिंटोनिया. ती खायची नाही," यजमानीणबाई म्हणाल्या. "रंग नंतर पाहा. आधी फळ कशावर लागले आहे ते पाहा."

मग त्यांनी गुडघ्याएवढीही नसलेली दोन झुडपे दाखवली. दोन्हींच्या डहाळ्या काष्ठमय, दोन्हींच्या फळांवर पाच टोकांचा इवलासा मुकुट. एकाची पाने गुळगुळीत, कडा बारीक दातेरी: व्हॅक्सिनियम अँगस्टिफोलियम. दुसऱ्याच्या पानांच्या कडा अखंड, पानांची मागची बाजू आणि डहाळी मखमली: व्हॅक्सिनियम मिर्टिलॉइडिस. डोळे मिटूनही ओळखता यावे असे. आम्ही तसे करून पाहिले.

हे नाव मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातले. मिर्टिलॉइडिस म्हणजे मिर्टिलससारखे. मिर्टिलस ही युरोपातील बिलबेरी, आणि त्या शब्दाचा अर्थ 'लहानसे मर्टल'. म्हणजे उपमेचीही उपमा! गंमत अशी, की ब्लूबेरी मर्टलच्या कुळातली नाहीच, ती ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली. जांभूळ मात्र खरोखर मर्टलच्या कुळातले. क्षणभर आम्हांस आमच्या चुकीचे समर्थन सापडल्यासारखे वाटले. पण त्याच प्रदेशातील ओजिब्वे भाषेत या फळाला नुसते 'मीन' म्हणतात. स्ट्रॉबेरी 'ओदेइमिन', म्हणजे हृदयफळ. ब्लूबेरीला मात्र कशाचीच उपमा लागत नाही.

परतल्यावर आम्ही भाषांतराची जुनी वही काढली. 'जांभूळ' खोडून 'ब्लूबेरी' लिहिले. मूळ कथेत त्या मुलीच्या गुडघ्यांना माती लागलेली आहे. पहिल्या वेळी आम्ही ते वाक्य अनावश्यक म्हणून गाळले होते. तेही परत घातले.