आभाळ दिसलं तरच

गेल्या ऑक्टोबरात पंधरा दिवसांची रजा टाकून मी मिनेसोटाला दादाकडे गेले, तेव्हा मनात फक्त विश्रांती होती. वहिनीच्या हातचं खायचं, मेपलची लालभडक झाडं पाहायची आणि ऑफिसातली डेडलाइन विसरायची. पण जेवणाच्या टेबलावर पाहते तो काय, ताटवाट्यांच्या जागी नकाशे, नारिंगी जाकिटं आणि चक्क कुत्रीसाठी औषधांचा डबा! दादा आणि माझा चौदा वर्षांचा भाचा आयुष्यात पहिल्यांदा फेझंटच्या शिकारीला निघाले होते. सोबत बर्फी, म्हणजे त्यांची फिकट पिवळ्या रंगाची लॅब्राडोर.

"मला काही विचारू नका," वहिनी म्हणाल्या, "मी फक्त डबा करून देणार."

तुम्हीही दचकला असाल. मीही दचकलेच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीची दारं बंद होत गेली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर उरलीसुरली फटही बुजली. माझ्या पिढीला शिकार ठाऊक ती सिनेमातल्या राजेसाहेबांची. मी दादाला तोंडावर विचारलं, "अरे, पोट भरलेलं असताना पाखरू मारायचं कशाला?" तो नुसता हसला. म्हणाला, "तयारी तर बघ आधी."

फेझंट हा मोर, तित्तर आणि रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी. नराचं डोकं हिरवं चमकदार, चेहरा लाल, गळ्यात बहुधा पांढरा पट्टा आणि शेपूट हे लांबलचक. मादी मात्र वाळक्या गवतासारखी तपकिरी. गंमत म्हणजे हा पक्षी मूळचा अमेरिकेतला नव्हेच. ओवेन डेनी नावाचे अमेरिकेचे वाणिज्यदूत शांघायमध्ये होते, त्यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधून ओरेगनला पाठवलेले फेझंट तिथे रुजले. म्हणजे दादासारखाच बाहेरून येऊन स्थिरावलेला!

जमीन कुणाची, हा माझा पुढचा प्रश्न. मला वाटलं होतं, एखाद्या जमीनदाराला पैसे मोजावे लागत असतील. पण मिनेसोटा राज्यानं १९५१ पासून पाणथळ आणि गवताळ जमिनी विकत घेऊन वन्यजीवांसाठी राखल्या आहेत. परवाना असलेल्या कुणीही तिथे जावं, परवानगी मागायला नको. मात्र पाटी संपली की हक्क संपला. शेजारच्या उभ्या मक्याच्या शेतात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि फेझंट हे बेटे नेमके मक्यातच बसतात! म्हणून भाचा रोज मोबाइलवरच्या नकाशात पाहायचा, कुठली राखीव जमीन कापणी झालेल्या शेतांना लागून आहे. शेवटी मार्शल गावाजवळच्या तीन जागा निवडल्या. एकीवर आधीच कुणाची गाडी उभी असेल, तर दुसरी. कुत्र्याला खोलीत घेणारं मोटेल शोधायलाच दोन संध्याकाळी गेल्या.

नियमांची यादी वाचून तर मी थक्क झाले. १९७९ नंतर जन्मलेल्यांना बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. दादाचा जन्म १९८० चा, त्यामुळे बापलेक एकाच अभ्यासक्रमाला बसले (आणि लेकाला जास्त मार्क पडले). दादाच्या परवान्यावर फेझंटचा वेगळा स्टॅम्प. कमरेच्या वर एक तरी भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा. सकाळी नऊच्या आत बार काढायचा नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत माणशी दिवसाला दोनच पक्षी, तेही नरच. केंद्र सरकारच्या पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जमिनींवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, म्हणून दादानं सरसकट पोलादी छर्ऱ्यांची काडतुसं घेतली.

पण खरी तयारी बर्फीची होती. ऑगस्टपासून भाचा तिला रोज पहाटे पळवत होता. सोफ्यावर लोळणाऱ्या कुत्रीला एकदम दिवसभर गवतात हाकलली, तर ऑक्टोबरच्या उन्हातही ती कोसळू शकते. बंदुकीच्या आवाजाची सवय लांबून, हळूहळू लावलेली. शिट्टी वाजली की थांबायचं, तीस-पस्तीस पावलांच्या पुढे जायचं नाही. कारण फेझंट उडण्याआधी पळतो, कुत्री त्याच्यामागे लांब गेली की पक्षी पल्ल्याबाहेर उठतो. डब्यात चिमटा होता, कुसळं काढायला. ती कानात शिरली की आत आत सरकतात. आणि कुत्री न्यायची कशाला, तर पडलेला पक्षी शोधायला. माणसाला उंच गवतात तो सापडत नाही, जखमी पाखरू तसंच तडफडत राहतं. हे ऐकल्यावर माझा विरोध मावळला नाही, पण मी जरा गप्प झाले.

निघायच्या आदल्या रात्री दादा बंदूक पुसत होता. भाचा अभ्यासक्रमातला नियम घोकत होता: पक्ष्याच्या खाली आभाळ दिसलं तरच नेम धरायचा, गवत दिसत असेल तर नाही. दादाचा हात थांबला.

"तुझ्या पणजोबांनी तेवढं पाहिलं असतं तर," तो म्हणाला.

माण तालुक्यात आमच्या आजोबांकडे पिकाच्या राखणीची बंदूक होती, एवढं मला माहीत होतं. ती कायमची पेटीत का गेली, हे कुणी सांगितलं नव्हतं. दादा तेव्हा आठ वर्षांचा. जोंधळ्याच्या धसकटांतून तित्तर उठला, तो बुटका, जमिनीलगत. कायदा तेव्हाही होताच, पण आजोबांनी बार काढला. तित्तर निसटला आणि मागे झेपावलेला आमचा मोत्या पडला. आजोबांनी त्याला खांद्यावर घालून आणलं. संध्याकाळपर्यंत तो दादाकडे पाहत होता, मग नाही.

"बाबा, मग तुम्ही बंदूक का घेतलीत?"

"तू कुणाबरोबर तरी गेलाच असतास," दादा म्हणाला. "म्हटलं, माझ्याबरोबर जा."

वहिनी ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनाही हे नवीन असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्या जागेवर पोचलो. गाडीची दारं अलगद लावली, आवाजानं पक्षी सटकतात. वारा समोरून येईल अशी दिशा धरली, म्हणजे बर्फीला वास लागावा. मी नारिंगी टोपी घालून पाण्याच्या बाटल्यांसह गाडीपाशीच थांबले. नऊ वाजून गेले. वीसेक मिनिटांनी बर्फीची शेपटी गवतावर गरगर फिरताना दिसली आणि फडफडाट करीत एक नर उठला, झळझळीत, पण कमरेएवढ्याच उंचीवर. भाच्यानं बंदूक खांद्याला लावली. बर्फी पाठोपाठ उडी घेत होती. मी डोळे मिटले.

आवाज आलाच नाही. उघडून पाहते तो पक्षी मक्याकडे निघून गेलेला, भाचा नळी वर करून उभा आणि दादा गुडघ्यांवर बसून बर्फीच्या कानातलं कुसळ काढतोय. त्याला चिमटा नीट धरता येत नव्हता.

"आत्या," भाचा ओरडला, "खाली गवत होतं!"