आठ वारांचा गोल

माहेर कोल्हापूरचं, त्यातून मंगळवार पेठेतलं, आणि शाहू स्टेडियम आतून पाहिलेलं नाही असं मी लोणंदच्या शाळेत शिक्षकखोलीत सांगितलं, तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. पण मैत्रिणींनो, तुमच्याही माहेरी अशी एखादी जागा असेलच. रोज तिच्यावरून जायचं-यायचं, पण आत पाऊल टाकायचं नाही. कुणी नको म्हटलेलं नसतं, पण ये असंही म्हटलेलं नसतं.

आमच्या लहानपणी थंडी पडली की मॅचेसचे दिवस सुरू व्हायचे. चारच्या सुमारास गल्ली ओस. वडील, काका, दादा, सगळे मॅचला. आम्ही मुली आईबरोबर सोप्यात तांदूळ निवडत बसायचो. ‘गोल’चा आवाज घरापर्यंत यायचा आणि आई सुपातून मान वर न करता सांगायची, “आपल्या पेठेचा झाला गं!” दुसऱ्या पेठेचा झाला की आवाज निराळा येतो म्हणे. संघ हरला तर रात्री कुणी धड जेवायचं नाही. फुटबॉलशी आमचा संबंध तेवढाच, उरलेल्या भाकऱ्यांपुरता.

बाहेरच्यांना नवल वाटतं, पण कोल्हापुरात फुटबॉल वाढला तो तालमींच्या आश्रयाने. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तालमींची, आणि त्याच नावांचे फुटबॉलचे संघ. ह्याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा दादाने गल्लीत पेढे वाटले होते. जसा काही घरचाच पोरगा!

हे सगळं आता आठवायचं कारण माझी बारा वर्षांची लेक. दिवाळीच्या आधी तिने शाळेतून एक फॉर्म आणला. मुलींचा फुटबॉल संघ काढताहेत, पालकांची सही हवी. सासूबाई म्हणाल्या, “गुडघे फोडून घेईल, उन्हात काळी पडेल, आणि त्या आखूड चड्ड्या!” हे म्हणाले, “आईला पटत असेल तर बघ.” म्हणजे नाहीच. मी फॉर्म घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवला. खरं सांगते, मलाही काही ठरवता येत नव्हतं.

त्याच सुमारास लंडनच्या मावसबहिणीने वेम्बली स्टेडियमचे फोटो पाठवले. तिथे तिकीट काढून स्टेडियम बघतात. वाटाड्या हिंडवतो, खेळाडूंची कपडे बदलायची खोली दाखवतो, कुठल्या वाटेने ते मैदानात येतात ते सांगतो. तिने पुढे लिहिलं होतं की १९२१ साली तिकडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली. आणि त्याच देशात, ह्याच वेम्बलीवर, २०२२ साली बायकांचा युरोपचा अंतिम सामना बघायला ८७,१९२ माणसं जमली! मी आकडा दोनदा वाचला.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर दादाने नेहमीप्रमाणे विचारलं, “काय पाहिजे ओवाळणीत?” मी म्हटलं, “स्टेडियम दाखव.” तो हसायलाच लागला. वहिनीही हसली. मग म्हणाली, “मलाबी न्या की.” तीही पंधरा वर्षं त्याच गल्लीत नांदतेय.

असे आम्ही निघालो. तिकीट नाही की गळ्यात पट्टा घातलेला वाटाड्या नाही, आमचा वाटाड्या दादाच. रावणेश्वराला नमस्कार करून आत शिरलो आणि मी थबकलेच. बाहेरून रोज पाहिलेली ती भिंत, आणि आत एवढं आभाळ! रिकाम्या पायऱ्या, मधोमध हिरवंगार मैदान. मैदानावरचे एक काका खुंट्यांना दोरी ताणून फक्कीच्या रेषा आखत होते. चिमटीतून नाही, पण रांगोळीच ती. रेषा जाडबारीक होत नव्हती. मी विचारलं तर खूष होऊन सांगू लागले. गवत किती कापायचं, पाणी कधी द्यायचं, रोलर कधी फिरवायचा. हे सगळं मॅच बघणाऱ्या कुणाच्या लक्षातही येत नसेल. स्वयंपाकघरासारखंच की!

दादा आपली जागा दाखवत होता, ह्या कोपऱ्यातून त्याने मारलेला गोल, त्या तिथे दुखावलेला गुडघा. मी गोलपोस्टपाशी गेले आणि हात पसरून मध्ये उभी राहिले. दोन्ही खांब कुठल्या कुठे!

“किती रे रुंद हा?”

उत्तर लेकीने दिलं, “सात मीटर बत्तीस सेंटिमीटर. उंची दोन चव्वेचाळीस.”

“म्हणजे आठ वार,” दादा म्हणाला. नऊवारी लुगड्यातला एक वार फाडला की उरेल तेवढा गोल! आणि पेनल्टी मारायची बारा वारांवरून.

“बायकांच्या मॅचला लहान असेल ना?” वहिनीने विचारलं.

“नाही मामी, तेवढाच. मैदान तेवढंच, वेळ नव्वद मिनिटंच.” मग तिची गाडी सुटलीच. १९८३ साली आपल्या मुली आशियात दुसऱ्या आल्या होत्या, २०२५ मध्ये थायलंडला हरवून पुन्हा आशियाई चषकाला पात्र ठरल्या. दादाने भर घातली, “आपल्या गडहिंग्लजकडच्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर. त्या तर मोठ्या प्रशिक्षक झाल्या.” एवढं सगळं हिला ठाऊक, आणि घरात मला कधी बोलली नाही. मी तरी कुठे विचारलं होतं?

दादाला म्हटलं, “इतकी वर्षं मला कधी आणलं नाहीस.”

“तू तरी येतो म्हणालीस कधी?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

तो गप्प झाला. तेवढ्यात काकांनी कुठूनसा एक जुना बॉल लेकीकडे टाकला. तिने तो बारा वारांच्या खुणेवर ठेवला, चार पावलं मागे गेली. मी अजून गोलातच उभी. “आई, बाजूला हो!” ती ओरडली. मी म्हटलं, “मार तू.”

बॉल माझ्या उजव्या हाताला, मी वाकायच्या आत, जाळीत गेला. वहिनी इतक्या जोराने ‘गोल’ ओरडली की काकांच्या हातची दोरी सुटली.

लोणंदला परतलो त्या रात्री साडीचे काठ बघितले, तर फक्कीने पांढरे. धुवायला टाकण्याआधी डाळीच्या डब्याखालचा फॉर्म काढला. ‘पालकांची सही’ असं लिहिलं होतं, वडिलांची असं नव्हतं. मी सही करून तो तिच्या दप्तरात ठेवला. ह्यांना अजून सांगायचंय. सासूबाईंनाही. चड्डीचं मात्र दादाला विचारून घेतलंय, खाली लांब पायजम्यासारखी तंग घालतात म्हणे.