चाकांवरचे घर : गोवंडी ते वेरूळ

गोवंडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी देवनारचा कचऱ्याचा डोंगर येतो, मग कत्तलखाना. हार्बर मार्गावरच्या या स्टेशनात उतरून कोणी सहलीला आलेला आम्ही पाहिलेला नाही. पण इथून सहली मात्र निघतात. पूर्वी मॅटाडोरमधून निघत, पुढे भाड्याच्या बसमधून निघू लागल्या. आमच्या इमारतीचे मंडळ दरवर्षी एक तरी सहल काढतेच.

२०२४च्या डिसेंबरात आम्ही वेरूळ-अजिंठ्याला गेलो होतो. बस भाड्याची, रस्ता रात्रीचा. सकाळी लेणी बघायला उतरलो तेव्हा आमच्या मजल्यावरच्या आजी पायरीवरच बसून राहिल्या. चक्कर आली होती. विचारपूस केली तेव्हा कळले, की त्यांनी आदल्या दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. का? तर वाटेत लघवीला जायचे कुठे! बसमधल्या निम्म्याहून अधिक बायकांनी तेच केले होते. पुरुषमंडळी मात्र ढाब्याढाब्याला चहा पीत होती. वाचकहो, त्या पुरुषांत आम्हीही होतो. समाजकार्याच्या गोष्टी करणाऱ्या आम्हाला आपल्याच गाडीतल्या बायका तहानलेल्या आहेत हे समजू नये, याची लाज वाटली.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला. एका तरुण पोराने सुचवले, ‘काका, शूटिंगवाल्यांची जुनी व्हॅनिटी घेऊ या. आत पलंग असतो, संडास असतो.’ सगळे हसले. आठ दिवसांनी मात्र तोच पोरगा एका गाडीचा पत्ता घेऊन आला.

नटनट्यांची गाडी

परदेशात ‘मोटरहोम’ म्हणून गाड्या असतात. त्यांत झोपायची, रांधायची, अंघोळीची सोय असते. निवृत्त जोडपी अशा गाड्यांतून महिनेमहिने फिरतात. आपल्याकडे तिचा जवळचा नातलग म्हणजे सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन. पूर्वी बाहेरगावी चित्रीकरण असले की नट्यांना आडोशाला कापड धरून कपडे बदलावे लागत. अभिनेत्री पूनम ढिल्लों यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या गाड्यांचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे त्या प्रत्येक सेटवर दिसू लागल्या. म्हणजे या गाडीच्या मुळाशीही बायकांची अडचणच आहे.

आम्हा गोवंडीकरांना ही दुनिया अगदीच परकी नाही. शेजारी चेंबूरला राज कपूर यांनी १९४८ साली काढलेला आर. के. स्टुडिओ होता. २०१७ साली त्याला आग लागली आणि २०१९ साली ती जागा विकली गेली. शिवाय शूटिंगच्या गाड्यांचे पत्रे ठोकणारे, रंगवणारे, गाद्या शिवणारे हात आमच्याच वस्त्यांतले. या गाड्यांच्या आत काय असते हे बाहेरच्यांपेक्षा आमच्या पोरांना जास्त ठाऊक!

पावसात पाहावी गाडी

गाडी आम्ही २०२५च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात पाहायला गेलो. जुनी गाडी पाहण्याचा खरा हंगाम तोच. उन्हात सगळी छपरे कोरडीच असतात. आत तपकिरी सोफा, आरसा, आरशाभोवती दिव्यांची माळ, वातानुकूल यंत्र, छोटा पलंग आणि मागे संडास. बघताक्षणी मंडळी खूश झाली. आमच्या डेंटरदादांनी मात्र सोफ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी छताच्या कोपऱ्यातल्या प्लायवर बोटाने ठोकले. एके ठिकाणी भुसभुशीत आवाज आला. आत पाणी मुरले होते. मग ते पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरले. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा वरून चकचकीत दिसतो आणि खालून गंजतो.

टायरची नक्षी नव्यासारखी होती. पण टायरच्या कडेवर चार आकडे असतात, ते वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीवर २३१७ होते, म्हणजे २०१७ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी आठ वर्षांत रबर कडक होते, चिरते आणि महामार्गावर फुटते. अशा गाड्या चालतात कमी, उभ्या जास्त असतात. म्हणून त्यांच्यात हा धोका अधिक.

कागदपत्रे आम्ही स्वतः पाहिली. कारकुनी जन्मभर केली, ती इथे कामी आली. नोंदणीपुस्तकात गाडीचा जो प्रकार आणि जितकी आसने लिहिली आहेत, तशीच गाडी प्रत्यक्षात हवी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीच्या मूळ बांधणीत बदल करता येत नाही. सोफे ठोकले आणि पुस्तकात जुनीच नोंद राहिली, तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळते. कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या परिवहन कार्यालयाकडची गाडी असेल तर फॉर्म २८. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि आकडा ताडून पाहावा. वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात आम्ही तीन खेपा घातल्या, पण दलाल लावला नाही. मंडळ नोंदणीकृत असल्यामुळे गाडी मंडळाच्या नावावर झाली. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने फिरवायची नाही, हेही ठरावात लिहून ठेवले.

टाकीचा प्रश्न

विकणारा म्हणाला होता, ‘संडास कधी वापरलाच नाही.’ गाडी घरी आणली आणि तिसऱ्या दिवशी वासाने खरे काय ते सांगितले. खालची मैल्याची टाकी भरलेली होती आणि बऱ्याच दिवसांची वाळलेली होती. गॅरेजवाला सहज बोलून गेला, ‘पाचशे रुपये द्या, वस्तीतला एक पोरगा येतो, हात घालून साफ करतो.’

कोणीच बोलेना. आमच्यातले एक काका महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. ते शांतपणे म्हणाले, ‘माझ्या बापाने हेच केलं, मी हेच केलं. आता आपल्या सहलीसाठी दुसऱ्याच्या पोराला करायला लावायचं का?’

याच गोवंडीत २०१९च्या डिसेंबरात एका सोसायटीच्या शौचटाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून गेले. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी ते घडले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २०२१ साली प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश झाला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाखांवर नेली. पण पैशाने माणूस परत येत नाही. हे सारे ठाऊक असताना आम्ही पाचशेची नोट काढली असती, तर या पानावर लिहिण्याचा आम्हाला अधिकार उरला नसता.

मग आम्ही काय केले ते सांगतो. टाकीत पाणी आणि साबणाची पूड टाकून दोन दिवस भिजू दिले. गाडी थोडी फिरवली, म्हणजे आतले पाणी घुसळून निघाले. सोसायटीची परवानगी घेऊन जाड नळीने ते थेट मलवाहिनीत सोडले. असे चार वेळा केले. नंतर ती टाकी काढूनच टाकली आणि तिच्या जागी झाकणबंद, उचलून नेता येईल असा वीस लिटरचा डबा असलेला संडास बसवला. परदेशात अशा गाड्या रिकाम्या करायला जागोजागी सोय असते. आपल्याकडे ती नाही. म्हणून वाटेतल्या सार्वजनिक शौचालयात डबा तोटीने ओतायचा आणि धुऊन परत आणायचा. हाताला काही लागत नाही, तरी मोजे घालायचे. हे काम पाळीने करायचे आणि फक्त पुरुषांनी करायचे. पाळीच्या कागदावर पहिले नाव अध्यक्षांचे, दुसरे आमचे.

जमाखर्च

आम्ही बी.कॉम. असल्याने हिशेब आमच्याकडे. अकरा कुटुंबांनी ५० हजार प्रत्येकी घातले, जमा ५,५०,०००. गाडीची किंमत ४,६०,०००. मंडळींना वाटले, ९० हजार शिल्लक! पण दुरुस्तीचे आकडे पाहा : सहा टायर ४२,०००, छत आणि तळाचा पत्रा ३८,०००, वायरिंग व दोन बॅटऱ्या ४५,०००, संडास २२,०००, ब्रेक, क्लच आणि वातानुकूल यंत्र २८,०००. एकूण १,७५,०००. म्हणजे ८५ हजारांची तूट, ती भिशीतून भरली.

वायरिंगवर कंजुषी करू नये. जुन्या गाडीत प्रत्येक मालकाने आपापला पंखा, आपापला दिवा जोडलेला असतो आणि सांधे चिकटपट्टीवर उभे असतात. आग लागते ती तिथेच. स्वयंपाकाचा गॅस आम्ही गाडीत ठेवलाच नाही. भाकऱ्या घरून नेतो. जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नये. त्याचा धूर आत शिरला तर माणूस झोपेतच जातो. पाण्याची टाकी दीडशे लिटरची असेल तर ती भरल्यावर गाडीवर दीडशे किलो वजन वाढते. म्हणून सामान भरून एकदा वजनकाट्यावर गाडी न्यावी आणि नोंदणीपुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहावी.

उभ्या गाडीचा शत्रू उंदीर, आणि गोवंडीत त्यांना तोटा नाही. वायरी कुरतडतात. म्हणून खाण्याचा कणही आत ठेवत नाही, आठवड्यातून एकदा गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवतो, उघडीप मिळेल तेव्हा खिडक्या उघडून गाद्यांना वारा देतो. विमा, सर्व्हिसिंग, उभी करण्याचे भाडे आणि पुढच्या टायर-बॅटरीसाठी बाजूला टाकायची रक्कम धरून वर्षाला ७२ हजारांचा अंदाज आहे. दर कुटुंबामागे महिना सुमारे ५४५ रुपये.

वेरूळच्या वाटेवर

२०२५च्या डिसेंबरात गाडी निघाली. चालवायला बेस्टमधून निवृत्त झालेले आमचेच एक दादा. आसने मोजकी, म्हणून गाडीत आजी-आजोबा, एक बाळंतीण आणि पाळीवाले दोघे. बाकीची तरुण मंडळी तपोवन एक्स्प्रेसने. चालत्या गाडीत पलंगावर कोणी झोपायचे नाही, असा नियम केला आणि पाळला.

समृद्धी महामार्ग जूनमध्ये पूर्ण खुला झाला होता. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागला तेव्हा सगळ्या आज्या काचेला नाक लावून बसल्या. त्या रस्त्यावर मोटारी भरधाव पळतात, आमचे दादा सत्तरच्या वर गेले नाहीत. मागच्या खेपेला चक्कर आलेल्या आजींनी निघतानाच पाण्याची बाटली मागून घेतली. इगतपुरी मागे पडेपर्यंत ती अर्धी झाली होती.

वेरूळला १ ते १२ ही लेणी बौद्ध आहेत. दहावे लेणे लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणून ओळखतात, कारण त्याच्या दगडी छताला लाकडी वासे असावेत तशा कमानी कोरल्या आहेत. आमचे डेंटरदादा, जे तरुणांबरोबर रेल्वेने आले होते, ते बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, ‘कुठंही जोड नाही!’ आजी आत मूर्तीपुढे स्वस्थ बसल्या. कोणाला घाई नव्हती. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, हे ध्यानात ठेवून बेत आखावा. अजिंठ्याला आपली गाडी फाट्यावर ठेवून पुढे एस.टी.च्या बसने जावे लागते, तेव्हा वृद्धांसाठी तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

आता प्रश्न येईल, अशी गाडी घ्यावी का? एकट्या कुटुंबाने घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत. वर्षातून पाच-सहा वेळा वापर होणार नसेल तर भाड्याची गाडी परवडते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, तेव्हा अशा भाड्याच्या गाड्यांची चौकशी आधी करावी. गाडी कोणतीही असो, बैठकीत पहिला प्रश्न किमतीचा न ठेवता बायकांना विचारावा : वाटेत थांबायचे कुठे?

परतीच्या वाटेवर डबा रिकामा करायची पाळी आमची होती. धुऊन आणला तेव्हा आजी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘बाळा, हात साबणानं धुतलेस ना? मग ये, भाकरी खा.’