ब्रेकची नळी

मिग-२१ विमानाचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. वैमानिक कंट्रोल स्टिकवरची एक छोटी पट्टी दाबतो, हवा नळ्यांमधून चाकांपर्यंत पोचते आणि ब्रेक लागतात. हे मी नुसतं वाचलं असतं तर विसरूनही गेले असते. पण ती पट्टी आणि ती नळी मी स्वतःच्या हातांनी केली, मूळ आकाराच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शात. आता ते विसरणं शक्य नाही.

माझं लहानपण नाशिकजवळच्या ओझर टाऊनशिपमधलं. मिग-२१ बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथं १९६४ मध्ये उभा राहिला. बाबा तिथं पत्राकामाच्या शॉपमध्ये होते. नोकरीनं मला फरीदाबादला आणलं. गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करणं हा माझा व्यवसाय, आणि १:४८ प्रमाणातली विमानं हा छंद. त्यातही मला ओढ आहे ती स्क्रॅच-बिल्डिंगची, म्हणजे किटमध्ये नसलेला भाग कच्च्या मालापासून घडवण्याची. परदेशातून रेझिनचे तयार कॉकपिट मागवता येतात आणि ते देखणेही असतात. पण तयार भाग फक्त चिकटवायचा असतो. स्वतः बनवायचा भाग आधी समजून घ्यावा लागतो.

फरीदाबाद या कामाला फार सोयीचं गाव आहे. इथली एनआयटी ही वसाहत फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी वसवली, आणि आजही तिथल्या गल्ल्यांमध्ये लेथ, डाय आणि मोटार-वाइंडिंगची दुकानं खेटून उभी आहेत. वाइंडिंगच्या एका दुकानात मी ३६ गेजची तार मागितली, तेव्हा तिथल्या सरदारजींनी विचारलं, "बेटा, इतनी सी तार से कौन सी मोटर बनेगी?" मी मोबाइलवर चाकाच्या खोबणीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि निरनिराळ्या गेजच्या तारांचे तुकडे कागदात गुंडाळून दिले. पैसे घेतले नाहीत.

त्या तारेचा हिशेब असा. खऱ्या विमानातली १० मिलिमीटरची नळी १:४८ मध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटर होते, आणि ३६ गेजची तार साधारण तेवढीच जाड. विमानाचा एक मिलिमीटरचा पत्रा होतो ०.०२ मिलिमीटर, प्लास्टिकची शीट इतकी पातळ कापता येत नाही, पण स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल त्याच्या जवळ जाते. नाकावरची पिटो नळी मी इंजेक्शनच्या सुयांची केली. २६ गेजची सुई २१ गेजच्या सुईत नीट सरकते, त्यामुळे पुढे बारीक होत जाणारी नळी आपोआप मिळते. मी करत होते त्या बिस प्रकारच्या मिगवर ती मधोमध नसून किंचित उजवीकडे असते.

मी निवडलं होतं मिग-२१ बिस, बाबांच्या हातांखालून गेलेलं. आधी कॉकपिट घेतलं. आतला रंग निळसर हिरवा, एकदा पाहिला की दुसऱ्या कुठल्या विमानाचा वाटत नाही असा. साधारण ८० मिलिमीटरची डायल इथं दीड मिलिमीटरच्या वर थोडी भरते. पातळ शीटला पिन व्हाइसनं, म्हणजे हातानं फिरवायच्या छोट्या ड्रिलनं, भोकं पाडायची, मागे छापलेल्या डायली लावायच्या आणि प्रत्येक भोकात वार्निशचा थेंब सोडायचा; वाळला की तो काचेसारखा दिसतो. पॅनेलच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. विमान गरगरत खाली येऊ लागलं तर स्टिक नेमकी मध्यावर आणायची, त्यासाठीची ती खूण. तो अर्थ कळल्यावर ती रेघ रंगवताना मी श्वास धरला होता. सीटच्या पुढच्या कडेला, वैमानिकाच्या दोन्ही मांड्यांच्या मध्ये, इजेक्शनची लाल हँडलं येतात. ती तांब्याच्या तारेची, पट्टे फॉइलचे.

मग मुख्य चाकांची खोबण. मिगचा पंख इतका पातळ की चाक त्यात मावत नाही. म्हणून चाकाचा दांडा आतल्या बाजूला दुमडून पंखात जातो आणि चाक वळून उभंच्या उभं विमानाच्या पोटात शिरतं. पंखाच्या मुळाशी बाहेर जो फुगवटा दिसतो, तो या चाकासाठी. किटमध्ये ही खोबण म्हणजे नुसता रिकामा खड्डा असतो. मी फोटो समोर ठेवून त्यात नळ्या बसवल्या आणि बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवल्या.

बाबांनी चष्मा पुसला. "छान दिसतंय. पण ही नळी जाते कुठं?"

"फोटोत इथंच संपते, बाबा."

"फोटोत संपते गं. विमानात नळी अशी मध्येच संपत नाही. कुठून निघाली, कुठं पोचली, ते शोध आधी."

मग रात्री जागून जुन्या आकृत्या पाहिल्या. ती नळी चाकाच्या दांड्यावरून खाली ब्रेकपर्यंत उतरत होती आणि वर तिचा माग स्टिकवरच्या त्या पट्टीपर्यंत जात होता. कॉकपिट आणि चाक ही माझ्या टेबलावरची दोन वेगळी कामं होती. त्या रात्री ती एका विमानाचे अवयव झाली. तेव्हापासून नळीची दोन्ही टोकं माहीत झाल्याशिवाय मी तार कापत नाही.

फरीदाबादचा उन्हाळाही शिस्त लावतो. पारा ४४-४५ वर गेला की प्लास्टिक चिकटवायचं पातळ सिमेंट सांध्यात उतरण्याआधीच उडून जातं आणि एअरब्रशचा रंग पृष्ठभागावर पोचेपर्यंत वाळून खरखरीत बसतो. म्हणून मे-जूनमध्ये रंगकाम पहाटे, आणि तारा-फॉइलचं काम दुपारी.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ हवाई दलाच्या सेवेतून निवृत्त झालं. ही विमानं आता चौकाचौकांतल्या चौथऱ्यांवर आणि संग्रहालयांत दिसत राहतील, पण बाहेरूनच. आत काय होतं आणि ते का होतं, हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे ती ओझरची पिढी आता म्हातारी होते आहे. त्यांना विचारून घ्यायला हवं, आणि नेमके प्रश्न भाग घडवताना सुचतात, असा माझा अनुभव आहे.

पुढचं मॉडेल एफएलचं, ओझरला बांधलेल्या पहिल्या मिगचं. बिसची कॅनोपी उजवीकडे उघडते, एफएलची पुढच्या बाजूला. का, ते बाबांनी सांगितलं: त्या विमानात इजेक्शनच्या वेळी कॅनोपी सीटबरोबरच निघून वैमानिकाला समोरच्या वाऱ्यापासून आडोसा देत असे. तेव्हा या वेळी कामाची सुरुवात डायलींपासून नाही, कॅनोपीच्या बिजागरीपासून करणार आहे.