रस, रुची आणि आयोडीन

किरणोत्सारी आयोडीन दिले जाते ते थायरॉइडच्या कर्करोगावर. परंतु लाळग्रंथीही ते ओढून घेतात, हे मला माझ्या जिभेने शिकवले. आयोडीन-१३१चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे. त्याचा ठसा मात्र कित्येक महिने राहिला: कानाखालची सूज, कोरडे तोंड, आणि आमटीपासून पाण्यापर्यंत सगळ्याला एकच धातूची चव.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रस समजावला तो जेवणाच्याच दृष्टान्ताने. वर्गात ‘आस्वाद’ हे आपण रूपक म्हणून शिकवतो. पण त्या रूपकाच्या तळाशी लाळ आहे. पदार्थ तिच्यात विरघळल्याखेरीज चव उमटतच नाही. समीक्षेने रस, रुची, आस्वाद हे शब्द जपले. लाळेच्या वाट्याला भाषेत ‘लाळघोटेपणा’च आला.

हल्ली मी घोटघोट पाणी पीत शिकवते. भाकरी ताकात कुस्करल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. चव थोडी परतली आहे. आंबट आधी कळू लागले, गोड नंतर. सहृदयाच्या मनाची पूर्वतयारी लागते, असे काव्यशास्त्र सांगते. शरीराचीही लागते, एवढे त्याला जोडावेसे वाटते.